गोजराची गाय आणि आमचा धनुर्मास

गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. पहाटे पुरण वाटलं, चार पोळ्या गाईसाठी वेगळ्या काढल्या, वर तूप सोडलं आणि खाली घेऊन गेले.

आमच्या गेटशेजारी गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे पावणे गावातली गोजरा रोज सकाळी तिची गाय आणून बांधते आणि गवताच्या पेंड्या मांडून बसते. आपण दहा रुपयांची पेंडी विकत घ्यायची आणि तिच्याच गाईला घालायची. गाय तिची, पोट गाईचं, खर्च आमचा. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण असा हिशोब मला कधी सुचला नाही.

चारांतली एक पोळी तिने गाईला दिली आणि तीन सरळ स्वतःच्या पिशवीत टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत! म्हटलं, "गोजराबाई, नैवेद्य गाईचा आहे."

"एक बस झाली, बाय. जास्ती दिली तर तिचा पोट बिघरंल. तू कशाला वाईट वाटून घेतंस?"

पोट बिघडेल म्हणे! नातवंडांची तोंडं गोड करायची आणि नाव गाईच्या पोटाचं. वर मला अगं-तुगं. हे म्हणतात, आगऱ्यांच्या बोलीत 'तुम्ही' फारसं नसतंच, मनावर घेऊ नकोस. हे म्हणजे माझे यजमान श्यामसुंदर. महाप्याच्या कंपनीत जन्म गेला यांचा, कामगारांकडून एवढंच ज्ञान घेऊन घरी आले.

गाईचं नाव चिमनी. तिच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागे खळगा आहे, त्यात मूठ दाबून गोजरा डोळे मिटून उभी राहते. काय करतेस विचारलं तर म्हणे पोट चालतंय का बघते. वैद्य बघा मोठी! मग मला म्हणते, "इकरं ये. ह्या बाजूला हात लाव, उजवीकरं. सातवा म्हयना हाय. लाथ मारतंय बघ. व्याली का दूध चालू व्हईल, मंग मना गवत इकाया बसाची गरज नाय."

मी हात लावला नाही. शेणाने माखलेलं अंग. वर जाऊन पुन्हा आंघोळ कोण करणार, तीही गुरुवारी?

रविवार, ७ डिसेंबर

कमिटीची मीटिंग. आमचे अध्यक्ष दिनानाथ. कोणी शिंकलं तरी बहुमत घेतात. पाऊण तास पार्किंगवर बोलले आणि ठरलं काय, तर पुढच्या मीटिंगमध्ये बोलू.

शेवटी सेक्रेटरी म्हणून मीच विषय काढला. सोसायटीची भिंत आणि नाला यांच्यामधल्या पट्टीत गोजराने पेंढ्याची उडवी रचलीय. माणूसभर उंच, बायकांच्या अंबाड्यासारखी. दिवाळीनंतर तिचा भाऊ हिरामण द्रोणागिरीच्या बाजूने टेम्पोभर भाताचा पेंढा आणून टाकतो. सूड्या, म्हणजे जुड्या, पेंढ्याच्याच पिळाने बांधलेल्या. हेच त्या गाईचं हिवाळ्यातलं अन्न. वाळका, पिवळा, निःसत्त्व पेंढा! आमच्या फलटणला माहेरी बारा जनावरं होती. कडब्याची कुट्टी, सरकी, भरडा, हिवाळ्यात बाजरी भिजवून केलेलं आंबोण. पेंढा आम्ही फक्त आंब्याच्या पेटीत पाहिला.

उंदीर होतात, कोणी विडी टाकली तर पेटेल आणि मुख्य म्हणजे दिसतं काय! ठराव मांडला. एकमताने मंजूर. यांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

घरी आल्यावर म्हणतात, "तिला आधी सांगा तरी."

म्हटलं, "अहो, तिला सांगून काय होणार? ती नाही म्हणेल."

"म्हणूनच," म्हणाले आणि पेपर तोंडावर धरला.

बुधवार, १० डिसेंबर

पट्टी मोकळी झाली. वाशीच्या फळबाजारातला एक पॅकिंगवाला फुकटात न्यायला तयार झाला. आता परदेशी आंबा येऊ लागलाय, त्याला पेंढा लागतोच. दोन माणसांनी तासाभरात उडवी उतरवून टेम्पोत घातली. गोजरा आज भावाकडे गेली होती. मी काही मुद्दाम आजचा दिवस निवडला नव्हता. बुधवारी ती भावाकडे जाते हे मला ठाऊक होतं, एवढंच.

संध्याकाळी आली आणि गेटवर जो काही तमाशा केला! चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. "आमचे शेतावर तुमची बिल्डिंग हुबी हाय, न आमचे पेंढ्याला हातभर जागा नाय? पावसापावत पुरवाचा व्हता मना! हिरामनचा शेत ह्या साली गोडावनवाल्याला गेला. ह्यो शेवटचा पेंढा व्हता!"

शेताचे पैसे या गाववाल्यांना कधीच मिळालेत. ते कुठे उडवले ते विचारायला नको कोणी. मी खाली गेले आणि शाळेत वापरायची त्या आवाजात सांगितलं, "गोजराबाई, ओरडू नका. गाईला उपाशी ठेवणार नाही आम्ही. पेंढ्यापेक्षा चांगलं खायला घालू. धान्य घालू."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडे मीच तसं बघत असे. म्हणाली, "धान काय पोट भरवाची वस्तू हाय, बाय? ती गाय हाय. कोंबरी नाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

मंगळवार, १६ डिसेंबर

आजपासून धनुर्मास. मी दिलेला शब्द पाळते. 'गोग्रास' नावाचा ग्रुप काढला, चौसष्ट घरांचं वेळापत्रक केलं. रोज दोन घरं, सूर्योदयाआधी. बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, भिजवलेले गहू. सुरुवात शनिवारीच केली होती, तर या तीन दिवसांत कोणी ब्रेड दिला, कोणी शिळा पुलाव, एका बाईने केकचा तुकडा. असल्या लोकांना पदव्या कोणी दिल्या देव जाणे. सूचना टाकली: ताजं धान्यच द्यावे. चौतीस अंगठे वर आले.

गोजरा आता तोंड बंद ठेवून बसते. खिचडीतली मूठभर गाईला, बाकी पिशवीत. मी उभी राहून सगळी घालायला लावते. गाय तर अधाशासारखी खाते. आवडत नसतं तर खाल्लं असतं का? मुकं जनावर खोटं बोलत नाही.

शनिवार, २० डिसेंबर

मानसिंगच्या केबिनमागे दोन गोण्या पेंढा सापडला. मानसिंग आमचा वॉचमन. गोजराने कुठून तरी विकत आणून त्याच्याकडे लपवला होता आणि संध्याकाळी गाईला घालते, म्हणजे आपण दिलेल्या सकस अन्नावर पुन्हा कचरा. मानसिंगला झापलं. म्हणतो, "मॅडम, वो बोलती है सूखा खाएगी तभी चबाएगी।" सगळेच पशुवैद्य झालेत. गोण्या राहू दिल्या. मी काही हुकूमशहा नाही.

गाईचं शेण पातळ झालंय, आंबूस वास येतो, म्हणून पहिल्या मजल्यावरची तक्रार आली. इतकी वर्षं निकृष्ट खाल्लेलं पोट चांगल्या अन्नाने साफ होणारच. गोजरा मात्र मला शेण दाखवायला बोलावते. मी बघितलं नाही. मला एवढंच काम आहे?

हे जेवताना म्हणाले, "तिचं एकदा ऐकून तरी घे, वैजू. जन्मभर गुरं राखलीत तिने."

"जन्मभर राखून एक गाय उरली," मी म्हटलं.

शनिवार, २७ डिसेंबर

गोजराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी. आठवडाभर मुलीकडे राहणार. तोवर गाय इथेच, देवळामागच्या पत्र्याखाली. सांभाळायला मानसिंग. त्याला सांगत होती तेव्हा मी जिन्यात होते. "सकाली दोन कवल पेंढा. तो खाल्ल्याबिगर काय नको. मंग मूठभर कोंडा न पानी. संध्याकाली परत पेंढा. न बाय काय देल ना, ता हातात घे, हो बोल, न बाजूला ठेव. तिला घालू नको."

बाय म्हणजे मी.

अपमान झाला की मी रडत नाही, कामाला लागते. मानसिंगला बोलावून स्वच्छ सांगितलं, सोसायटीचा पगार घेतोस, गोजराचा नाही. गाईचं खाणं मी बघेन. तो "जी मॅडम" म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला. ते लोक असेच.

मंगळवार, ३० डिसेंबर

पुत्रदा एकादशी. आज जे केलं त्याचं मला खरंच समाधान आहे.

काल ग्रुपवर लिहिलं होतं: 'एकादशीला आपण धान्य खात नाही. तेवढे धान्य त्या दिवशी गोमातेच्या मुखी जावे. उपास करणाऱ्या प्रत्येकाने एक वाटी.' गणितच आहे. आपल्या पोटातलं वजा केलं आणि तिच्या पोटात मिळवलं. चौसष्ट घरांत एवढे उपास करणारे आहेत हे मला माहीत नव्हतं. एरवी संकष्टीला चिकन मागवणारेही वाटी घेऊन आले. गहू, तांदूळ, ज्वारी, एकाने तर कणकेचा गुळ घातलेला गोळा. मी स्वतः बादलीभर गहू रात्रीच भिजत घातले होते. वाट्या मोजल्या, चौऱ्याण्णव भरल्या. हे म्हणाले, "बापरे, एवढं?"

"एका गाईच्या आकाराकडे बघा आणि मग बोला," मी म्हटलं.

तिने बादली चाटूनपुसून साफ केली. मानसिंग पेंढा घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. आज सणाचा दिवस, आज कचरा नको.

उद्या भागवत एकादशी आहे. सोसायटीतले निम्मे ती धरतात. त्यांच्या वाट्या उद्या.

गुरुवार, १ जानेवारी

गाय बसलीय. उठत नाही.

काल दुपारपासूनच खात नव्हती म्हणे. मानसिंगने मला सांगितलं नाही, कारण मीच त्याला दम दिला होता. आज सकाळी डावी कूस फुगून टम्म, दात कराकरा खाते, डोळे खोल गेलेत. पोट हलवलं की आत डचमळतं. शेण नाही, पिवळं पाणी.

मी लगेच ग्रुपवर लिहिलं: 'गोमाता आजारी. वॉचमनच्या केबिनमागील पेंढ्यास बुरशी असण्याची दाट शक्यता. आपण दिलेले अन्न ताजे व शुद्ध होते. निकृष्ट चाऱ्याबद्दल मालकिणीस जाब विचारला जाईल.' लगेच हात जोडलेली चित्रं यायला लागली.

यांनी डॉक्टर बोलावला. आली ती नमिता नावाची पोरगी, पंचविशीची, पायात गमबूट, केस वर बांधलेले. माझ्या नववीच्या वर्गात अशा कितीतरी बसून गेल्या. तिनेही तेच केलं, डाव्या कुशीत मूठ! कान लावला, नळी घातली, पोटातून आंबट पाणी काढलं. मग उठून विचारलं, "काय खाल्लंय तिनं?"

"पेंढा," मी म्हटलं.

ती गोणीपाशी गेली, पेंढा हातात चोळला, वास घेतला. "हा चांगलाय. दुसरं काय खाल्लं?"

मी पदर सारखा केला. यांनी सांगितलं. सगळं. वाट्यांचा आकडासुद्धा.

पोरीने नळी गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आजी, गाईचं पोट पेंढ्यावर चालतं. चघळते, परत वर आणते, परत चघळते. धान्य एकदम पडलं की आत नासतं, आम्ल होतं. जनावर मरतं त्याने. पोटात वासरू आहे, माहिती होतं ना तुम्हाला?"

आजी! मी तिला सांगणार होते, की माझ्या माहेरी बारा जनावरं होती. पण ती बारा जनावरं सांभाळायला गडी होता, शिदू. मी माडीच्या खिडकीतून बघायचे. आंबोण मूठभर असायचं की बादलीभर, ते मला आजही सांगता येणार नाही.

सलाइन लावलं, सोडा पाजला. म्हणाली, आता फक्त कोरडा चारा. खाल्ला तर वाचेल. भरपूर लागेल.

दोन गोण्यांतली एक कालच संपलीय. उरलेली अर्धी ओली झाली. त्यावर मीच मानसिंगला पाणी मारायला लावलं होतं, धूळ उडते म्हणून.

शुक्रवार, २ जानेवारी

सकाळी वाशीच्या फळबाजारात गेलो, मी आणि हे. पेंढा मागायला! मी! पेट्या, हातगाड्या, सडक्या संत्र्यांचा चिखल, आणि माथाड्यांच्या "बाजू, बाजू!" अशा आरोळ्या. माझ्या साडीचा काठ गेला. तो पॅकिंगवाला सापडला. म्हणतो, "मॅडम, माल दिला तो दिला. पेट्यांत गेला अर्धा."

मी त्याला व्यवहार शिकवायला लागले. तो हसला. मग हे पुढे झाले आणि म्हणाले, "दादा, आमची चूक झाली. गाय मरतेय. गाभण आहे." एवढंच. दादा म्हणे! त्या माणसाने शिटी मारली, दोन पोरांना हाक मारली आणि कोपऱ्यातल्या सूड्या बाहेर काढायला लावल्या. पैसे घ्यायला तयार नव्हता, मीच दिले. कुणाचे उपकार नकोत मला.

रिक्षात मध्ये पेंढा आणि दोन बाजूंना आम्ही. हे म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मला वाटलं मला म्हणतात. विचारलं तर म्हणे, "आपल्या दोघांनाच गं. मी तरी कुठे हात धरला तुझा?"

चिमनीने पेंढा हुंगला. तोंड लावलं नाही.

शनिवार, ३ जानेवारी

गोजरा आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. लेकीने अडवलं असणार, तरी आली. मी उत्तरं तयार ठेवली होती. म्हणजे आपण चांगल्या भावनेने केलं, डॉक्टर आपण बोलावला, पेंढा आपण आणला. क्रमाने, मुद्देसूद.

तिने एकही प्रश्न विचारला नाही. शिव्याही दिल्या नाहीत. चिमनीच्या डोक्यापाशी खाली बसली, डाव्या कुशीत मूठ दाबून खूप वेळ थांबली. मग सरकून उजव्या कुशीवर तळवा ठेवला. तिथे त्याहून जास्त वेळ. मग तळवा काढून मांडीवर ठेवला.

दुपारी तीनच्या सुमाराला वासरू बाहेर आलं. मेलेलं. कालवड होती. केस सुद्धा आले होते अंगावर, ओले, तांबूस. गोजराने गोणपाटात गुंडाळली. मानसिंगने गेटच्या पलीकडे नेली. तो रडत होता. मी उभी होते. मला कोणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

मग तिने आम्ही आणलेली एक सूडी उचलली, बांधलेला पीळ चाचपला. एका डोळ्याने नीट बघितलं.

"ह्यो पेंढा कुठून आनला?"

"वाशीच्या बाजारातून," मी म्हटलं.

"ह्यो पील हिरामनचा हाय. तो उलटा बांधतो, डावरा हाय ना." तिने पीळ सोडला, पेंढा हाताने मोकळा केला, एकेक काडी करून चिमनीच्या तोंडाशी धरू लागली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "शिकलीसवरली बाय तू. शालंत पोरा शिकवलीस. न गाईचं पोट कशावं चालतं, ता इचाराला तुना लाज वाटली?"

लाज नाही वाटली. विचारावंसंच वाटलं नाही. पण हे मी तिला बोलले नाही, इथे लिहिते.

रविवार, ४ जानेवारी

पहाटे मानसिंगने बेल वाजवली. "मॅडम, चबा रही है।" मी चपला न घालता खाली गेले. चिमनीचं तोंड हलत होतं. डावीकडून उजवीकडे, संथ, डोळे अर्धे मिटून. समोर पेंढ्याचा पसारा. गोजरा पत्र्याला टेकून झोपली होती, बसल्या बसल्या.

अकराला तातडीची मीटिंग. विषय: गेटसमोरील गाय. दिनानाथांनी माझा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. बुरशीची दाट शक्यता. निकृष्ट चारा. मालकिणीस जाब. माझेच शब्द, माझीच विरामचिन्हं. मग सगळ्यांना कंठ फुटला. ही बाई गाईला सडका पेंढा घालते, आपल्या मुलांसमोर वासरू मेलं, देवळाचं पावित्र्य गेलं, हिला गेटवर बसू द्यायचं नाही. चिकन मागवणाराही बोलला. ज्या बाईने केक दिला होता ती म्हणाली, "या लोकांना जनावरांची किंमतच नसते."

मी वाट बघितली, की कोणीतरी डोकं चालवेल. चौऱ्याण्णव वाट्या याच हातांनी आणल्या होत्या. एकालाही बेरीज येईना. यांच्याकडे बघितलं. ते स्वतःच्या नखांकडे बघत होते.

म्हटलं, "बास झाला मूर्खपणा. पेंढ्यात काही नव्हतं. मी तो पेंढा बघितलाही नव्हता आणि लिहिलं. गाईला धान्य घातलं आपण. घालायला लावलं मी. गोजरा नको नको म्हणत होती, तिचा चांगला पेंढा मी उचलून दिला, तोही ती घरी नाही बघून. ती कालवड मी मारली. चुकीचं वाक्य मी लिहिलं, ते खोडा."

मग दिनानाथ खाकरले. "मॅडमची मनःस्थिती आपण समजू शकतो. पण ठराव टाईप झालाय. बहुमत घेऊ का?"

घेतलं. गाय बंद. विरुद्ध दोन मतं. एक यांचं.

मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. स्वीकारायला मात्र त्यांना बहुमत लागलं नाही. मूर्ख आहेत. पण या मूर्खांना शिकवलं कोणी, हे मला माहीत आहे.

बुधवार, ७ जानेवारी

हिरामण टेम्पो घेऊन आला आणि चिमनीला घेऊन गेला. गोजराही गेली. गवताच्या पेंड्यांची फळी तेवढी देवळामागे राहिली.

मंगळवार, १३ जानेवारी

धनुर्मास उद्या संपतो. गाय गेली तरी लोकांची सवय जात नाही. खुंट्यापाशी गहू, खिचडी, बाजरी पडलेली असते. रोज सकाळी मी खराटा घेऊन जाते आणि सगळं गोळा करते. आज पहिल्या मजल्यावरची विचारत होती, "मॅडम, तुम्ही झाडता?" म्हटलं, "मग कोणी झाडायचं? तुम्हाला जमेल?" वर निघून गेली. गणित कच्चं, खराट्याची भीती.

रविवार, १८ जानेवारी

द्रोणागिरीच्या पलीकडे हिरामणकडे गेलो. दोन्ही बाजूंना गोदामं, कंटेनरची रांग, आणि त्यांच्या मधोमध तीन घरं आणि एक गोठा. वाशीच्या त्या पॅकिंगवाल्याकडे उरलेल्या हिरामणच्या सूड्या होत्या, सगळ्या उचलून टेम्पोत घातल्या होत्या. हे टेम्पोत पुढे बसले, मी मागे पेंढ्यात. यांना पाठीचं दुखणं आहे म्हणून.

गोजराने बघितलं. "आलीस?" एवढंच म्हणाली. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. चहा दिला. मी कप विसळून घेतला नाही.

गोठ्यात चिमनी उभी होती, बारीक झाली होती, पण उभी. समोर पेंढा. तोंड चालू. मी बराच वेळ तिचं चावणं बघत राहिले. गोजरा म्हणाली, "नुस्ती काय बघतंस? ये. मूठ कर. दाब हितं, डावीकरं. घाबरू नको, तिला कलतंय."

मूठ दाबली. आधी काहीच कळेना. मग आतून काहीतरी सावकाश वर आलं, माझी मूठ बाहेर ढकलली आणि परत खाली गेलं. थोड्या वेळाने पुन्हा. "मिन्टाला एक-दोनदा यवाला पायजे," गोजरा म्हणाली. "आला का समजाचा, पोट चाललंय." मी मोजलं. एक. दोन. हात शेणाने भरला होता, तो तसाच ठेवला.

मग मी गाईच्या मागून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले आणि तळवा उचलला.

गोजरा खाली बसून सूडीचा पीळ सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकरं नको, बाय. तिकरं आता काय नाय."

मी हात खाली घेतला.